लहान मुलांचा तीव्र इसब: मलम किती, किती दिवस आणि सोलापूरच्या हवेत काय सांभाळायचं

सातरस्ता

दीड वर्षाच्या लेकराला अंगभर इसब आहे आणि घरातली शंभर ग्रॅमची मॉइश्चरायझरची ट्यूब महिनाभर पुरते, असं असेल तर औषध बदलण्याआधी हे एक गणित तपासा. तीव्र इसबात एवढ्या मुलाला आठवड्याला साधारण २५० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. मूल मोठं असेल, अंग फारच कोरडं असेल तर ५०० ग्रॅमपर्यंत. दिवसातून दोनदा धरलं तर एका वेळेला पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे भरून. बोटावर वाटाण्याएवढं घेऊन गाल आणि कोपर पुसून काढलं तर त्याचा काही उपयोग नाही.

या मुलांची कातडी लिंपण उडालेल्या कणगीसारखी असते. आतला ओलावा बाहेर निघून जातो आणि बाहेरचं सगळं आत शिरतं: साबण, धूळ, घाम, जंतू. काही मुलांत कातडीचा वरचा थर घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी असतं, म्हणून दमा, शिंका, इसब एकाच घरात चालत येतात. मॉइश्चरायझर हे ते लिंपण आहे. कातडी बरी दिसत असली तरी ते रोज लागतं.

ओळखायचं कसं? तान्ह्या बाळाला गाल, कपाळ, डोकं, हातापायांच्या बाहेरच्या बाजू; लंगोटाची जागा बहुधा सुटते. दोन वर्षांनंतर कोपराच्या आतली घडी, गुडघ्यामागची लवण, मनगट, घोटा, मान. आपल्या सावळ्या मुलांत पुस्तकातल्यासारखा लालभडक चट्टा शोधू नका. आपल्याकडे तो राखाडी, जांभळट किंवा काळसर दिसतो, आणि कधी नुसते बारीक टोकदार दाणे हाताला लागतात. डोळ्यापेक्षा हाताला आधी कळतं.

आणि घरात आई, आजी, भावंड सगळेच रात्री खाजवत असतील, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल, बाळाच्या तळहात-तळपायावर फोड असतील, तर ती खरूज असण्याची शक्यता आधी तपासून घ्या. खरजेला सगळ्या घरानं एकाच दिवशी औषध लावावं लागतं. तिथे इसबाचं मलम चोळत बसलं की महिने जातात.

जुळे_सोलापूर

चांगला विषय. अंघोळीचं सांगाल का? काही जण म्हणतात रोज घालू नका, कोरडं पडतं. शिवाय आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. टबात बसवायला पाणी आणायचं कुठून?

होटगी_रोड

रोज घाला. अंघोळीनं घाम, धूळ, खपल्या, जंतू, आदल्या दिवशीच्या मलमाचा थर निघतो, आणि कातडी पाणी पिते. ते पाणी उडून गेलं की मात्र आधीपेक्षा जास्त कोरडं पडतं. म्हणजे चूक अंघोळीत नाही, अंघोळीनंतरच्या दिरंगाईत आहे.

क्रम असा ठेवा. मॉइश्चरायझरचा डबा, कपडे, टॉवेल आधीच न्हाणीघराच्या दाराशी काढून ठेवा. पाणी कोमट, म्हणजे कोपर बुडवलं तर ना गार ना गरम लागावं. घरातले मोठे जे कढत पाणी घेतात त्यात नुसतं गार मिसळलेलं बऱ्याचदा गरमच राहतं. पाच ते दहा मिनिटं पुरेत. साबण शेवटच्या दोन मिनिटांत, आणि तोही फक्त काखा, मान, जांघा, पावलं इथे. नेहमीच्या अंगाच्या साबणाचा सामू ९-१० च्या घरात असतो, कातडीचा ५.५ च्या आसपास. म्हणून साबणविरहित, बिनवासाचा बार किंवा लिक्विड घ्या, दुकानात ‘सिंडेट’ म्हणून मागितलं तर मिळतं. शाम्पू लावताना मुलाला मागे झुकवा, फेस अंगावरून ओघळू देऊ नका. डाळीचं पीठ, उटणं, स्क्रबर, काथ्या हे काही नको. पिठाचे कण ओरखडतात आणि घड्यांत अडकून बसतात.

मग टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही. अंग ओलसर राहिलं पाहिजे. तीन मिनिटांच्या आत डोक्यापासून पायापर्यंत मॉइश्चरायझर. केसांच्या दिशेनं, वरून खाली, लांब हात फिरवत. गोल-गोल चोळलं की केसांच्या मुळाशी मलम अडकून पिवळे दाणे उठतात.

पाण्याचं: पंधरा-वीस लिटरचा बाळांचा टब अर्धा भरला तरी पुरतो, मूल त्यात बसतं आणि तुम्ही मगनं खांद्यावर पाणी सोडत राहता. तेवढंही नसेल तर दोन मऊ सुती कापडं कोमट पाण्यात भिजवून छातीपाठीवर आणि हातापायांवर पाच-सात मिनिटं ठेवा, वरून पुन्हा ओलं करा, आणि लगेच मलम. एक जपा: मलम लागलेलं पाणी फरशीवर सांडलं की ती तेलासारखी निसरडी होते. मूल उचलून उभं राहण्याआधी पायाखाली कोरडं फडकं टाका.

डब्यात बोटं घालू नका. स्वच्छ कोरड्या चमच्यानं एका वेळचं मलम वाटीत काढा. घरात इसबाचं मूल आणि डब्यात सगळ्यांची बोटं, म्हणजे जंतू पुन्हा पुन्हा त्याच अंगावर.

बाळीवेस

बोअरच्या जड पाण्याबद्दल थोडं. भांड्यांवर पांढरे डाग पडतात ते पाणी बघून पालक घाबरतात आणि मुलाच्या अंघोळीसाठी शुद्ध पाण्याचे जार विकत घेतात, कुणी हजारो रुपयांचं सॉफ्टनर बसवतं. इंग्लंडमध्ये जड पाण्याच्या भागातल्या ३३६ मुलांवर नेमका हाच प्रयोग झाला होता, २०११ साली त्याचे निष्कर्ष आले. घरात सॉफ्टनर बसवून इसबात वेगळा फायदा दिसला नाही. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही म्हणून माणूस साबण जास्त वापरतो, आणि साबणाचा चिकट थर अंगावर आणि कपड्यांत राहतो. त्यावर उपाय म्हणजे साबण कमी, सिंडेट, आणि कपडे एक पाणी जास्त काढून खळबळणं. सॉफ्टनरचे पैसे मॉइश्चरायझरला ठेवा.

जुळे_सोलापूर

धन्यवाद होटगी_रोड ताई, बाळीवेस सर. मग कुठलं मॉइश्चरायझर? आणि तेलाचं काय? आजी मंडळी बाळाला तेल चोळल्याशिवाय ऐकत नाहीत.

सातरस्ता

सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली, किंवा पांढरं मऊ पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन यांचं मिश्रण. त्यात वास नाही, झोंबायला काही नाही. सिरामाइड, म्हणजे कातडीत मुळातच असणारा स्निग्ध पदार्थ, असलेली क्रीम चांगली, पण अडीचशे ग्रॅम आठवड्याला म्हटलं की बहुतेक घरांना झेपत नाहीत. महागडं क्रीम चिमटीनं लावण्यापेक्षा साधी जेली भरपूर लावलेली बरी. डब्यावर युरिया लिहिलेलं असेल तर लहान मुलाला नको, फुटलेल्या कातडीला आग होते. ‘हर्बल’, ‘बेबी’ असं लिहिलं म्हणून वास नसतो असं नाही, घटक वाचा.

सोलापुरात मार्च ते जून जेली अंगावर वितळते, घामाची वाट बुजते आणि घामोळ्या येतात. म्हणून उन्हाळ्यात दिवसा क्रीम, रात्री जेलीचा पातळ थर. संक्रांतीच्या आसपास, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत कोरडा गार वारा सुटतो तेव्हा दोन्ही वेळा जेली, आणि दुपारी आणखी एक हात.

तेल: मोहरीचं आणि ऑलिव्हचं नको. त्यातली आम्लं कातडीची भिंत आणखी सैल करतात. शुद्ध खोबरेल चालतं, मॉइश्चरायझरची जागा मात्र घेत नाही. शेंगदाणा तेल फुटलेल्या अंगाला अजिबात लावू नका, याचं कारण खाण्याच्या चर्चेत येईलच. आणि चोळणं, रगडणं नको. मालीश हवीच असेल तर मॉइश्चरायझरनंच हलक्या हातानं करा, आजींचंही समाधान होतं.

कुंभार_वेस

एक धोक्याची सूचना इथेच. पॅराफिन असलेलं मलम कपड्यात, चादरीत मुरलं की तो कपडा फार पटकन पेट घेतो, धुतल्यानंतरही थोडं राहतंच. निरंजन, गॅस, शेगडी, उदबत्ती, कुणाची बिडी यांपासून ते मूल आणि त्याचे कपडे लांब ठेवा.

हिप्परगा

आता ज्याला सगळे घाबरतात त्यावर. चट्टा पेटलेला असताना नुसत्या मॉइश्चरायझरनं तो विझत नाही. आतली सूज उतरवायला स्टेरॉइडचं मलम लागतं. प्रश्न कुठलं, किती, किती दिवस एवढाच.

कुठलं: ते डॉक्टर चिठ्ठीवर लिहितील, पण तुम्हाला कळलं पाहिजे. चेहरा, पापण्यांजवळ, जांघ, काख इथे सौम्य, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का किंवा डेसोनाइड. हातपाय आणि धडावरच्या जाड चट्ट्यांना मधल्या ताकदीचं, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारखं. क्लोबेटासॉल हे सगळ्यात जहाल. लहान मुलाच्या घरात ते नकोच. लंगोट किंवा डायपरखाली कुठलंही स्टेरॉइड कित्येक पटींनी जास्त शोषलं जातं, कारण ती जागा झाकलेली, दमट.

किती: मोठ्या माणसाच्या तर्जनीचं टोक ते पहिली रेघ, म्हणजे एक पेर. ट्यूबचं तोंड नेहमीचं, पाच मिलिमीटरचं असेल तर त्या पेरावर काढलेली एक रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. तेवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं, बोटं धरून. एक-दोन वर्षांच्या मुलाचा हिशेब: चेहरा-मान दीड पेर, एक अख्खा हात पंजासकट दीड पेर, एक अख्खा पाय दोन, छाती-पोट दोन, पाठ आणि कुल्ले मिळून तीन. तीन ते पाच वर्षांच्याला चेहरा-मान दीड, हात दोन, पाय तीन, पुढची बाजू तीन, मागची साडेतीन. हा सगळी जागा भरलेली असतानाचा आकडा. अर्धा पाय पेटला असेल तर अर्धं. आता गणित करा. दीड वर्षाच्या मुलाचं अंगभर पेटलं असेल तर एका वेळेला साडेतेरा पेरं, जवळजवळ सात ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. ‘ही एक ट्यूब महिनाभर वापरा’ असं जिथे होतं तिथे इसब का हटत नाही हे यावरून कळेल.

किती दिवस: दिवसातून एकदा, बहुधा रात्री. चेहऱ्याला तीन ते पाच दिवस, अंगाला सात ते चौदा. थांबायचं कधी हे डोळ्यांनी ठरवू नका. रंग आधी उतरतो, सूज नंतर. डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवा. खालची कातडी शेजारच्या कातडीसारखी मऊ लागली की अजून दोन दिवस लावा आणि मग बंद. खरखरीत, जाडसर, दाणेदार लागत असेल तर काम अपुरं आहे. बहुतेक घरांत तिसऱ्या दिवशी रंग उतरला म्हणून बंद करतात, आठवड्यात पुन्हा पेटतं, पुन्हा तीन दिवस. वर्षाचा हिशेब मांडला तर अशा अर्धवट लावण्यात स्टेरॉइड जास्तच जातं.

मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड एकावर एक लगेच थापू नका, स्टेरॉइड पातळ होतं आणि चांगल्या कातडीवर पसरतं. मधे पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. आधी कुठलं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

ज्यांचं दर पंधरा दिवसांनी त्याच जागी उलटतं, त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दिवसांची पद्धत आहे. सगळं साफ झाल्यावर, ज्या जागा नेहमी पेटतात तिथेच, शनिवार-रविवार असे दोन दिवस तेच मलम, बाकीचे पाच दिवस फक्त मॉइश्चरायझर. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने चालतं. दोन वर्षांवरच्या मुलाच्या चेहऱ्याला, पापण्यांना ०.०३ टक्के टॅक्रोलिमस हा स्टेरॉइड नसलेला पर्याय आहे. पहिले तीन-चार दिवस त्याची आग होते, हे आधी माहीत नसलं की पालक पहिल्याच रात्री ट्यूब फेकून देतात.

अशोक_चौक

पण स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, पांढरे डाग पडतात असं सगळेच सांगतात. गालावर पांढरे डाग तर दिसतातच.

हिप्परगा

कातडी पातळ होते ती जहाल मलम महिनोन्‌महिने रोज, विशेषतः चेहऱ्यावर आणि घड्यांत लावल्यानं. योग्य ताकदीचं, योग्य दिवसांपुरतं लावून तसं होत नाही. गालावरचे फिकट डाग बहुधा इसब बरा झाल्याच्या खुणा असतात. सुजलेल्या जागेचा रंग परत यायला काही महिने लागतात, उन्हात आजूबाजूचं रापलं की जास्त उठून दिसतात. ते कोड नाही, ‘कॅल्शियमची कमी’ नाही, जंतही नाहीत. त्यासाठी टॉनिक नको, मॉइश्चरायझर चालू ठेवा आणि उन्हातून टोपी.

विजापूर_वेस

औषध दुकानाच्या बाजूनं बोलतो. काउंटरवर ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की जे हातात पडतं ते बहुधा तिहेरी मिश्रण असतं: एक जहाल स्टेरॉइड, एक बुरशीचं औषध, एक प्रतिजैविक. दोन दिवसांत जादूसारखा फरक पडतो, म्हणून शेजारणीलाही सुचवलं जातं. इसबाला बुरशीच्या औषधाचा उपयोग नाही, त्यातल्या निओमायसिन या प्रतिजैविकाची वेगळी ॲलर्जी जडू शकते, आणि ते खरोखर नायटा असेल तर स्टेरॉइडनं तो पसरतो. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन दिसलं तर चिठ्ठीशिवाय लहान मुलाला लावू नका. २०१८ साली केंद्रानं बऱ्याच स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातलं आहे, दुकानदारानं नाही म्हटलं तर रागावू नका.

पुडीतली बिननावाची औषधं आणि ‘एका इंजेक्शनात साफ’ हेही तसंच. त्यांत बहुधा स्टेरॉइडच असतं, आणि ते थांबलं की इसब जोरात उलटतो.

कुंभार_वेस

खाण्याचं कुणीतरी लिहा. इसब म्हटलं की घरात पहिल्यांदा दूध, अंडं, वांगं, आंबट बंद होतं. अंगावर पाजणाऱ्या आईचंसुद्धा.

होटगी_रोड

बंद करू नका. बहुतेक मुलांत इसबाचं कारण खाणं नसतं, आणि दूध-अंडं काढून टाकलं तर वजन अडतं. त्याहून मोठा धोका असा, की काही महिने पूर्ण बंद ठेवलेला पदार्थ अचानक दिला तर आधी नसलेली तीव्र ॲलर्जी समोर येऊ शकते. नुसत्या रक्ततपासणीच्या लांबलचक यादीवरूनही पदार्थ वगळू नका, तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आणि खाऊन काहीच होत नाही, हे इसबाच्या मुलांत नेहमीचं आहे. खरी खूण वेगळी: खाल्ल्यावर काही मिनिटं ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, घरघर. असं झालं तर तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला तर लगेच दवाखाना.

आता शेंगदाणा, कारण आपलं गाव शेंगाचटणीचं. २०१५ साली लंडनमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांत निम्म्यांना शेंगदाणा नियमित खायला दिला, निम्म्यांना पूर्ण बंद ठेवला. पाच वर्षांच्या वयात, खाणाऱ्यांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. तोंडावाटे आतड्यात गेलेलं शरीर ओळखीचं मानतं. फुटलेल्या कातडीवाटे शिरलेलं परकं. ज्या घरात रोज कूट कुटला जातो तिथे तो हातांवर, ओट्यावर, चादरीवर असतोच. तेच हात बाळाला मलम लावतात. म्हणून मलम लावण्याआधी हात साबणानं धुवायचे, आणि शेंगदाणा तेल अंगाला नाही.

तीव्र इसबाच्या बाळाला मात्र घरीच पहिला घास देऊ नका. आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा, ते तपासणी करून, गरज वाटली तर पहिला घास समोर बसवून देतील. परवानगी मिळाली की भाजून सालं काढलेले दाणे अगदी लोण्यासारखे वाटा, कोमट पाण्यात किंवा नाचणीच्या सत्वात पातळ करा. पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं सावकाश, दोन तास लक्ष. त्यानंतर दर वेळेला दोन छोटे चमचे पेस्ट, आठवड्यातून तीनदा, खंड न पाडता. अख्खा किंवा फुटका दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, श्वासनलिकेत अडकतो. आणि आपली तिखट-लसणाची चटणी बाळासाठी नाही, तोंडाभोवतीची कातडी लगेच पेटते. भात-वरण भरवण्याआधीही तोंडाभोवती जेलीचं बोट फिरवलं तर लाळेनं आणि आमटीनं होणारे चट्टे कमी होतात.

बाळीवेस

हात धुण्याचं खरंच महत्त्वाचं. बिड्या वळणाऱ्या घरांत तंबाखूची भुकटी, यंत्रमागाजवळच्या घरांत सुताचा फुफाटा, दोन्ही या मुलांना जाचतात. सूप-तंबाखूची जागा आणि मुलाची निजायची जागा एका खोलीत नको. खोली एकच असेल तर निदान काम उरकून, ओल्या फडक्यानं पुसून मगच बाळाचं अंथरूण घालायचं.

अंथरुणाचंही. सोलापुरी चादर जाडजूड, टिकाऊ, पण नवी चादर खाजऱ्या अंगाला थेट लावू नका. दोन-तीन धुण्यांत खळ आणि सुटा रंग निघून जाऊ द्या, आणि तरी मधे जुन्या धोतराचा किंवा मऊ साडीचा पदर घाला. टॉवेल आपल्याकडचाच झकास, फक्त टिपायचा. कपडे सुती, सैल, शिवण बाहेरच्या बाजूला करून घातले तरी चालतात. मानेमागचं लेबल कापून टाका. धुण्याला सुगंधी कंडिशनर नको.

जुळे_सोलापूर

कूलरनं इसब वाढतो का? आणि रात्री खाजेनं झोपत नाहीत त्या मुलांना झोपेचं खाजेचं औषध द्यावं का?

सातरस्ता

उलट, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात, पारा ४२-४३ ला असताना, कूलर या मुलांना मानवतो: गारवा येतो आणि हवेत ओल येते. झोत थेट अंगावर घेऊ नका. टाकीतलं पाणी रोज बदला, गवत कुबट झालं की बदलून टाका, आठवड्यातून एकदा टाकी घासून वाळवा. एसीत हवा कोरडी होते, तिथे झोपण्याआधी मलमाचा एक हात जास्त. घामानं भिजलं तर दुपारी साध्या पाण्यानं अंग धुवा, टिपा, क्रीम लावा. घाम वाळू दिला की त्यातलं मीठ झोंबतं.

खाजेच्या गोळ्या-सिरपनं इसबाची खाज फारशी थांबत नाही. गुंगीचं औषध फार तर काही रात्री, डॉक्टरांनी सांगितलं तर. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलाला नाही. नखं आठवड्यातून दोनदा कापून कानशीनं गुळगुळीत करा. मलम फ्रिजमध्ये ठेवलं तर लावताना खाज चटकन शमते.

हिप्परगा

अंग फारच पेटलंय, झोप उडालीय, तेव्हा ओल्या कपड्यांची पद्धत कामी येते. अंघोळ, मॉइश्चरायझर, चट्ट्यांवर डॉक्टरांनी सांगितलेलं सौम्य किंवा मधलं मलम. मग घट्टसर सुती बनियन आणि पायजमा कोमट पाण्यात बुडवून, पिळून, ठिबकणार नाही इतका ओला घालायचा, त्यावर कोरडा सुती थर. दोन तास ते रात्रभर. तीन ते सात रात्री, फार तर चौदा. आतला थर वाळत आला की फवाऱ्यानं ओला करा, वाळून चिकटला की ओढताना कातडी निघते. बाळ गारठत नाही ना, हे पाय चाचपून बघा; थंडीच्या दिवसांत पंखा बंद. या पद्धतीत औषध जास्त शोषलं जातं, म्हणून डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. आणि जागा चिघळली असेल, पिवळी खपली असेल, तर अजिबात नाही.

चिघळल्याच्या खुणा: मधासारखी पिवळी खपली, पाणी-लस, दुखणं, ताप, नेहमीच्या मलमाला दाद न देणं. बहुधा स्टॅफिलोकोकस जंतू असतात, पोटातून औषध लागतं.

एक परिस्थिती मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात नेण्याची. इसबाच्या जागी एकाच आकाराचे, मोहरी ते मुगाएवढे फोड झुपक्यानं येतात, फुटून पोगरानं पाडल्यासारखी गोल छिद्रं दिसतात, मूल तापतं, रडतं, हात लावू देत नाही. हा नागिणीच्या जातीचा, ओठावर ज्वरफोड आणणारा हर्पिसचा विषाणू. अशा वेळी त्या जागी स्टेरॉइड लावू नका. असायक्लोव्हिर हे या विषाणूवरचं औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, डोळ्याजवळ असेल तर नेत्रतज्ज्ञही. घरात कुणाच्या ओठावर असा फोड असेल तर त्यानं बाळाचा पापा घ्यायचा नाही, हे पाहुण्यांनाही सांगायला संकोच करू नका. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्वचा आणि बालरोग दोन्ही विभाग आहेत, रात्री अपघात विभागातून घेतात.

अशोक_चौक

ब्लीचच्या पाण्याची अंघोळ म्हणून व्हिडिओ फिरतात, त्याचं काय?

हिप्परगा

वारंवार चिघळणाऱ्या मुलांना डॉक्टर ती सांगतात. पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट ०.००५ टक्के व्हावं लागतं. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर २० लिटर पाण्याला २५ मिली, इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजून, आधी पाण्यात ढवळून मग मूल. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, फक्त मानेपासून खालचं अंग, डोकं बुडवायचं नाही. नंतर साध्या पाण्यानं धुऊन मॉइश्चरायझर. अडचण अशी की आपल्याकडच्या सुट्या ब्लीचची ताकद उन्हात पडून किती उरली ते कळत नाही, आणि काहींत वास, साबण मिसळलेला असतो. टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर तर मुळीच नाही. म्हणून चिठ्ठीत लिहून दिलं तरच, आणि सीलबंद, तारीख असलेल्या बाटलीतून.

कुंभार_वेस

दुसऱ्या बाळाला होऊच नये म्हणून जन्मापासून मॉइश्चरायझर लावायचं का?

होटगी_रोड

इंग्लंडमध्ये जवळजवळ १४०० बाळांवर करून पाहिलं, २०२० मध्ये निष्कर्ष आले: इसब टळला नाही, कातडीचे जंतुसंसर्ग मात्र थोडे वाढले. तेव्हा कातडी चांगली असेल तर उगीच थापू नका. कडक साबण, उटणं टाळा, घरात धूर नको, आणि पहिला कोरडा चट्टा दिसताच उपचार सुरू करा, म्हणजे फुटलेल्या कातडीवाटे पुढच्या ॲलर्जींना वाट मिळत नाही. लसी सगळ्या वेळेवर. इसब आहे म्हणून लस टाळायचं कारण नाही, सुई फक्त चट्टा नसलेल्या जागी द्यायला सांगा.

विजापूर_वेस

दवाखान्यात जाताना वही न्या. आठवड्यात किती दिवस खाज, किती रात्री झोपमोड, रक्त, लस, भेगा, पापुद्रे, कोरडेपणा, अशा सात प्रश्नांची एक पद्धत आहे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण २८. सतरापासून पुढे तीव्र. एकही दिवस नाही तर शून्य, एक-दोन दिवस एक, तीन-चार दिवस दोन, पाच-सहा दिवस तीन, रोज असेल तर चार. दर रविवारी मांडा. आणि संपलेल्या ट्यूब टाकू नका, पिशवीत साठवून तशाच डॉक्टरांपुढे ठेवा. महिन्यात किती ग्रॅम अंगाला लागले ते त्यावरून लगेच कळतं.

जुळे_सोलापूर

चेहऱ्याला दीड पेर आणि पूर्ण पायाला दोन, हे दीड वर्षाच्याचं ना? तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचं राहिलं.

हिप्परगा

हो, बरोबर. त्या बाळाला चेहरा-मान एक पेर, हात एक, पाय दीड, छाती-पोट एक, पाठ-कुल्ले दीड. पेर मोठ्या माणसाचंच मोजायचं, बाळाचं नाही.